कान नसलेला घोडा

"बाई, खेळण्यांना जीव येऊ शकतो का?"

आठवी ब च्या वर्गात क्षणभर कुणीच हसलं नाही. मग मागच्या बाकावरून अल्फियाच्या नाकातून दाबलेलं हसू फुटलं. मला उभं राहायला तिनंच लावलं होतं. "तुला विचारायला जमणारच नाही, पैज लाव," असं ती मधल्या सुट्टीत म्हणाली, आणि सुखदानं वर तिखट टाकलं, "वृंदा आणि विचारणार? ती हजेरीला 'हजर' म्हणते तेसुद्धा तिचं तिलाच ऐकू येतं."

खोटं नव्हतं. आज मी दहावीत आहे आणि स्नेहसंमेलनात माझ्या हातातला माईक काढून घ्यायला सरांना स्टेजवर यावं लागतं. पण तेव्हाची मी म्हणजे खिडकीजवळची एक वेणी. त्यात त्या जानेवारीत तर मी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

कुंभोजकर बाई विज्ञानाची उजळणी घेत होत्या. फळ्यावर विषाणूचं चित्र होतं. विषाणूला धड सजीव म्हणता येत नाही आणि धड निर्जीवही, तो सीमेवर बसलेला असतो, असं सांगून त्या हाताचा खडू झटकत होत्या. त्यांच्या तासाला भलतंसलतं विचारणाऱ्याला बाकावर उभं राहावं लागायचं. मी मनातल्या मनात बाकावर चढलेसुद्धा.

"कुठलं खेळणं?" बाईंनी विचारलं.

"कुठलंही. लाकडी समजा."

"हे कुठून आलं डोक्यात?"

"बाई, ती पाचवीच्या कपाटातली पुस्तकं वाचते," सुखदा म्हणाली. "'पोटमाळ्यावरची प्रजा'. एक झाला की दुसरा भाग, संपले की परत पहिला."

आता मात्र वर्ग मनसोक्त हसला.

"सजीवांची लक्षणं सांग," बाई मला म्हणाल्या.

"वाढ," मी सुरू केलं. "हालचाल. उत्सर्जन. श्वसन."

पुढचं येत होतं, पण श्वसनापाशी गाडी थांबली. वर्गही थांबला. आमच्या घरी काय झालंय हे माहीत नाही असं तासगावात तेव्हा कुणी उरलं नव्हतं. बाईंचा चेहरा मऊ पडला. तो चेहरा मला पाठ झाला होता. वाण्याकडे तोच, पिठाच्या गिरणीत तोच, रिक्षावाल्या काकांचाही तोच. तो दिसला की मला वाटायचं काहीतरी फोडावं.

मला वाटलं, बाई आता हळू आवाजात "बस हं" म्हणतील. त्या म्हणाल्या, "शनिवारी वाचनाच्या तासाला पाचवीची मुलं येतात. ती पुस्तकं का वाचायची ते तू त्यांना सांगायचंस. जीव येतो की नाही, तेही त्यांनाच सांग."

"मी?"

"मग काय मी? मी कुठं वाचलीयेत."

अल्फियानं मागून माझी वेणी ओढली. "आता भोग," ती म्हणाली.

घरी येऊन मी चौथा भाग काढून बसले. बाहेरच्या खोलीत आत्या शेंगा निवडत होती. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला झोप लागलेली नव्हती. झोपलेल्या माणसाची पाठ वेगळी दिसते.

माझ्यानंतर पुष्कळ वर्षांनी आईला दिवस गेले होते. मला आधी लाज वाटली होती, मग इतका आनंद झाला की मी पाळण्यासाठी टिकल्यांचे पोपट करायला घेतले. सातव्या महिन्यात जयसिंगपूरहून आत्या आली ती लाकडी खुळखुळा घेऊन. लाल आणि पिवळा, लाखेचा, हुंगला तर तेलासारखा वास यायचा. "नाव काय ठेवणार गं?" असं आईनं विचारलं तेव्हा आत्यानं पदरानं स्वतःचंच पोट झाकलं आणि म्हणाली, "ते इथं आहे. बारशालाच बाहेर येणार. तोवर अनुराधे, तुझ्या नवऱ्यालाही सांगायची नाही मी." बाबा म्हणाले, "मला नकोच सांगूस. माझं नाव विलास ठेवणारी पण आत्याच होती. अख्ख्या वर्गात तीन विलास." तेव्हा आई पोट धरून हसली होती.

बाळ फार लवकर आलं. मिरजेच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मला आत सोडत नव्हते, पण एका नर्सनं दाराच्या काचेतून बघू दिलं. माझ्या तळहातावर मावला असता. त्याच्या नाकात नळी होती. मी बघत असताना त्यानं जांभई दिली, चांगली मोठी, रविवारी उशिरा उठलेल्या माणसासारखी. एवढीच माझी त्याची ओळख. बारशाचा दिवस यायच्या आधीच तो गेला.

इतक्या लहान जिवाचं काही करायचं नसतं, असं मोठ्या माणसांनी सांगितलं. बाबा आणि चुलते त्याला घेऊन गेले आणि दुपारी परत आले, तेव्हा बाबांच्या चपलांना माती होती. दहावा नाही, तेरावा नाही. भिंतीवर लावायला फोटो नाही. आमच्या घरात जणू कुणी आलंच नव्हतं आणि कुणी गेलंही नव्हतं. फक्त आईचं दूध बंद व्हायला बरेच दिवस लागले, आणि तेवढे दिवस न्हाणीघराची कडी आतून लावलेली असायची.

आई अंगणवाडी चालवायची. आमच्याच गल्लीच्या टोकाला, दत्ताच्या देवळाला लागून. अख्ख्या गल्लीची पोरं तिच्या हाताखालून गेलेली. संक्रांत झाल्यावर ती एकदा कामावर जाऊन बघते म्हणाली. साडी नेसली, किल्ल्या घेतल्या, आणि पोरांना गोल बसवायलाही तिला वेळ लागला नाही. मग दारात उभी राहून ती रोज म्हणायची तसं "बाळांनो" म्हणायला गेली. मदतनीस मावशींनी नंतर बाबांना सांगितलं, "बा म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. पोरं वाट बघत बसली. मग त्यांनी चपला घातल्या आणि घरी आल्या. रडल्या पण नाहीत ओ."

तो शब्दच तसा. आमच्याकडे सगळे त्याला बाळच म्हणत होते, दुसरं काही म्हणायला नव्हतंच. दवाखान्यातही 'अनुराधा म्हेत्रेंचं बाळ'. आणि गल्लीत तर प्रत्येक दारातून तोच. "बाळा, दूध पिऊन जा." "बाळ, सायकल आत घे." दर वेळी आतल्या खोलीत आईची मान उचलली जायची. मग खाली जायची. मी ते बघायला शिकले होते, आणि बघायचं नाही हेही.

त्या संध्याकाळी मी आत्याजवळ जाऊन बसले.

"आत्या, तू नाव ठरवलं होतंस ना?"

शेंग तिच्या हातात फुटली नाही. "नाही गं. कुठलं काय."

"तू म्हणाली होतीस, पोटात आहे."

"आपलं म्हणायला म्हटलेलं. अभ्यास कर जा." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि आईपुढं हे काढू नकोस. ज्याचं बारसं झालं नाही त्याला नाव नसतं. उगाच नाव लावलं की जीव मागं घोटाळतो. त्याला जाऊ दे मोकळा."

"आईनं विचारलं नाही तुला?"

"विचारलं."

"मग?"

"तिलाही हेच सांगितलं, ठरवलं नव्हतं म्हणून." तिनं शेंगांचं ताट दुसऱ्या मांडीवर घेतलं. "शनिवारी संध्याकाळी मी जयसिंगपूरला जाते. ती झबली, दुपटी, पाळण्याची दोरी, सगळं घेऊन जाईन. डोळ्यापुढं नको. तुझी आई पण किल्ल्या परत देणार म्हणते शनिवारी. मदतनीस येणार आहे न्यायला. बरंच आहे. घरी बसेल, विसरेल."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ते एस. टी. च्या वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांना बिघडलेलं काहीही समोर असलं की हात चालतात, पण घरात त्या दिवसांत त्यांचे हात नुसते लोंबत असायचे. ते आत गेले आणि आईच्या पायांवर चादर घालून बाहेर आले. चादर आधीच होती. त्यांनी दुसरी घातली.

शनिवारी सकाळी पाचवीची मुलं सतरंजीवर बसली होती, मागे आमचा वर्ग. सुखदानं माझ्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं. कुंभोजकर बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. माझ्या हातातले सगळे भाग घामानं ओले झाले.

"ह्या पुस्तकांत एक पोटमाळा आहे," मी म्हणाले.

"आवाज," मागून अल्फिया म्हणाली.

"एक पोटमाळा आहे," मी ओरडलेच. पुढची पोरं दचकली आणि मग हसली, आणि त्यांच्या हसण्यानं मला काय झालं कोण जाणे, मी सतरंजीवर त्यांच्यातच बसले. "तिथं जुनी खेळणी टाकलेली असतात. चिंध्यांची बाहुली, पत्र्याचं माकड, चाक गेलेली गाडी. ती सगळी मेल्यासारखी पडून असतात. पण कुणी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं आणि नाव सांगितलं, बारशाला करतात तसं, की ती उठून बसतात. पहिलं वाक्य कोण काय बोलतं ते फार भारी आहे. माकड उठल्या उठल्या विचारतं, 'जेवायला काय आहे?'"

"माझा भाऊ पण," एक जण म्हणाला.

मग मी सुटले. कोणत्या भागात पूर येतो, कोणत्या भागात भंगारवाला येतो आणि प्रजा पोत्यातून कशी पळते, सगळं सांगितलं. माकडासारखं चालून दाखवलं. पूर्ण महिन्यातले शब्द कुठं साठून राहिले होते ते बाहेर पडत होते. कुंभोजकर बाई तोंडावर पदर धरून हसताना मी पहिल्यांदाच बघितल्या.

"आणि चौथा भाग वाचायचाच," मी म्हणाले, "पण तो रात्री एकट्यानं वाचू नका, रडू येतं. त्यात एक घोडा येतो. सुतारानं अर्धाच केलेला. पाय कोरलेत, पाठ कोरलीय, पण कान कोरायच्या आधीच सुतारानं काम सोडलं. आता कानच नाहीत तर नाव सांगणार कुठं? सगळे जमतात, विचार करतात. बाहुली त्याच्या पाठीवर तोंड ठेवून सांगून बघते, माकड पोटाशी. काही होत नाही. मग ते काय करतात, त्याचं नाव ते एकमेकांच्या कानात सांगतात. गोल बसून. बाहुली गाडीच्या, गाडी माकडाच्या. आणि रोज संध्याकाळी हजेरी होते तेव्हा त्याचं पण नाव घेतात."

पुढच्या रांगेत निळ्या रिबिनींची एक मुलगी होती. तिनं हात वर केला.

"मग तो उठला का?"

"नाही."

"पुढच्या भागात उठतो?"

"सगळे भाग वाचले मी. नाही उठत."

"मग नाव कशाला ठेवलं?"

ह्याची तयारी मी केली नव्हती. मी घरी पूर आणि भंगारवाला आरशासमोर म्हणून बघितला होता. हे कुणी विचारेल असं डोक्यात आलं नव्हतं.

"त्याच्याबद्दल बोलायचं असेल तर काय म्हणणार?" मी म्हणाले. "नुसतं खेळणं म्हणावं लागेल. आणि खेळणं तर तिथं सगळेच आहेत. मग कुणी खेळणं म्हटलं की प्रत्येक वेळी त्याचीच आठवण..."

रिबिनीवाली मान हलवत होती, तिला पटलं होतं. बाई खिडकीपासून दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या.

"मला चौथा," ती मुलगी म्हणाली आणि माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं.

शाळा सुटल्यावर अल्फिया माझ्याबरोबर चालत आली. तिचं घर दुसऱ्या बाजूला होतं. "पैज हरले मी," ती म्हणाली. "तुला बोलतं करायचं होतं फक्त. एवढं बोलशील असं वाटलं नव्हतं. माकड म्हणून तर तू शोभतेस."

"मला घाई आहे," मी म्हणाले.

"कशाची?"

"किल्ल्यांची." तिला काही कळलं नाही. मी पळत सुटले होते.

आत्या ओट्यावर बसली होती. शेजारी तिची पिशवी, आणि एका जुन्या साडीत बांधलेलं गाठोडं. गाठोड्यातून माझ्या पोपटांची एक शेपटी बाहेर आली होती, टिकल्या उन्हात चमकत होत्या. घरात बाबा होते, शनिवारी त्यांची पहिली पाळी असायची. उघड्या दारातून आई दिसत होती; खुर्चीत बसलेली, मांडीवर अंगणवाडीच्या किल्ल्या. मदतनीस मावशी अजून आल्या नव्हत्या.

"खुळखुळा पण बांधलास?" मी विचारलं.

"सगळं बांधलं."

"आत्या, मला नाव सांग."

"वृंदे, परत नको."

"तू म्हणतेस जीव घोटाळतो. तो गेलाय आत्या. तो मोकळाच आहे. घोटाळतीये ती आई आहे. तुला दिसत नाही? कुणी पोराला दूध प्यायला बोलावलं तरी तिला वाटतं त्यालाच हाक मारली. अख्ख्या गल्लीत तोच तो सगळीकडे. स्वतःचं नाव असतं तर तो एकाच जागी तरी राहिला असता."

समोरच्या घरातून तेवढ्यात आवाज आला, "बाळा, चप्पल घाल." आत्यानं आत बघितलं. मीही बघितलं. आईची मान उचलली गेली होती.

आत्या बराच वेळ गाठोड्याची गाठ चाचपत राहिली. घट्ट आहे की नाही ते बघितल्यासारखी. मग म्हणाली, "बारसं असं ओट्यावर करत नाहीत."

"माहितेय."

"पाळणा पाहिजे. घुगऱ्या पाहिजेत. आणि ज्याचं त्याच्या कानात."

"त्याचे कान नाहीयेत इथं," मी म्हणाले. "माझे आहेत."

तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून जवळ ओढलं. तिच्या तळव्यांना शेंगांचा वास येत होता. माझ्या कानाशी तिनं कुर्र केलं, पण ते मध्येच फाटलं, तिला पुन्हा करावं लागलं. मग तिनं नाव सांगितलं. दोन महिने तिच्या पोटात बसून असलेलं नाव, गरम गरम, माझ्या कानात.

बारशाला नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बाकीच्या बायका बुक्के मारतात. तिथं दुसरं कुणी नव्हतं. मीच तिच्या पाठीवर एक हलकी बुक्की मारली, आणि ती गुडघ्यात तोंड घालून, आवाज न करता, त्या एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

मी गाठोड्यातून खुळखुळा ओढून काढला आणि आत गेले. तो वाजत होता, मी थांबवला नाही. बाबा मोरीपाशी हात धूत होते, ते तसेच ओल्या हातांनी वळले. आईनं आधी खुळखुळ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिची नजर पडली की मी एरवी गप्प व्हायचे.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय," मी म्हणाले. माझा आवाज पाचवीच्या सतरंजीवरचाच होता, घराला जरा मोठा. "आजपासून मी त्याला बाळ म्हणणार नाही. बाळ गल्लीतली सगळीच आहेत, तुझ्या अंगणवाडीतली पण आहेत, तो शब्द त्यांचा आहे, त्यांना परत दे. तुम्ही म्हणा नाहीतर म्हणू नका, आमच्या घरात कोण कोण असं मला कुणी विचारलं की मी सगळ्यांची नावं सांगणार, आणि त्याचं पण सांगणार. माझ्या भावाचं नाव सारंग आहे. सारंग विलास म्हेत्रे."